सतरावा रकाना

विट्याला उतरले तेव्हा पिशवीत एक्केचाळीस प्रश्नांचा तक्ता होता,
दिल्लीहून आलेला, मराठीत मीच उतरवलेला.
'उदयोन्मुख धोके' या दोन शब्दांवर दोन दिवस गेले होते.
तातोबा मामा म्हणाले,
"उदय म्हंजे चांगलंच की. सूर्याचा हुतो."

मामांनी चौतीस वर्षं परमुलखात सोनं गाळलं.
आधी रायपूर, मग कोईमतूर, मग ब्रह्मपुत्रेच्या काठची एक गल्ली,
जिथं भिंतीपलीकडे आसामी
आणि अलीकडे सगळा खानापूर तालुका.
तेजाबाच्या वाफेनं भुवया गेल्या त्या गेल्याच,
त्यामुळे काहीही विचारलं तरी
चेहरा आधीच चकित.

जगात अस्थिरता वाढली हे तुम्हाला कशावरून कळतं?
पर्याय होते: वर्तमानपत्र, टीव्ही, मोबाइल, इतर.
"मोडीवरनं," मामा म्हणाले.
"लांब कुठं बंदूक सुटायची असंल
तर आठ दिस आधी भाव हलतो,
मग मुशीत वाळे येत्यात, नथी येत्यात,
बारशाची अंगठी येती, दोरा अजून गुंडाळलेला.
जग घाबरलं की आमची भट्टी इझत न्हाई."
मी 'इतर'पुढे खूण केली.

शालन मामी दारात उभ्या होत्या.
त्यांचा धैर्यशील शारजात आहे, तिथंही गलाईच.
आखातावर ड्रोन घिरट्या घालत होते त्या आठवड्यात
मोबाइलवरचा त्याचा निळा ठिपका
दुकानातून निघाला आणि समुद्रात गेला.
बारा कोस आत. रात्रभर तिथंच.

माझ्या प्रबंधात याला नाव आहे,
उपग्रहसंकेतांची दिशाभूल, प्रकरण चौथं, आकृती सात:
वाळवंटात नांगर टाकलेली जहाजं,
भलत्याच शहरावरून उडणारी विमानं.
आकृतीत ठिपके लाल आहेत, शंभर-सव्वाशे.
मामींकडे एकच होता.
देव्हाऱ्याला टेकवून फोन उभा केला
आणि समोर बसल्या.
"पवाय येत न्हाई त्याला," मला सांगत होत्या,
"येरळेला पाणी असतं तर शिकला असता."

पहाटे फोन वाजला. नंबर अनोळखी, आवाज त्याचा.
आये, अडकलोय, पैसं पाठव, अप्पांना सांगू नगंस.
रडणं त्याचं. मधेच नाक ओढणंसुद्धा त्याचंच.
मामींनी पदराला हात पुसले
आणि एक प्रश्न विचारला.
घरातला, साधा,
ज्याचं उत्तर जगात दोनच माणसांना ठाऊक.
पलीकडे आवाज थबकला. मग नुसती खरखर.
दहाच्या सुमाराला खरा धैर्यशील झोपेतून उठला,
म्हणाला, काय गं, सतरा मिस्ड कॉल?

"आवाजाला रंग हुता, कस नव्हता," मामा म्हणाले.
"तुमी घोरत हुता," मामी म्हणाल्या.

रकाना सतरा: कुटुंबात ओळख पडताळण्याची पद्धत. तपशील द्यावा.
मी पेन उघडलं.
मामींनी माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली.
"लिवलंस की गेलं त्ये."
मग जरा थांबून, "तुला तुजी आई काय इचारंल गं?"

परतीच्या एसटीत तासगावपर्यंत शोधत राहिले
असं काहीतरी, जे कधी कुठं टाइप केलं नाही.
टोपणनावाचा पासवर्ड झालाय.
पहिली शाळा बँकेकडे आहे.
गुडघ्यावरच्या खुणेची गोष्ट
एका शिष्यवृत्तीच्या अर्जात, तीनशे शब्दांत.
सांगली जवळ आली तसा आईला फोन लावला,
विचारलं, माझं असं काय आहे जे फक्त तुलाच माहितेय?
ती बराच वेळ गप्प.
मागे कुणीतरी नळ बंद केला.
"गाडीत आहेस ना? घरी ये, मग सांगते."

अहवाल गेला. सतराव्या रकान्यात फक्त एक आडवी रेघ.
मार्गदर्शकांनी शेजारी पेन्सिलीनं विचारलंय:
माहिती उपलब्ध नाही?

आहे, सर.